अरुंद पूल, बिकट रस्ता आणि वाहनाचा वेग
(इयत्ता ५ वी ते ७ वी : गणित, सामान्य विज्ञान व परिसर अभ्यास यांचा समन्वित पाठ)

पाठाचे प्रयोजन

पेठ वडगाव व त्याच्या आसपासच्या गावांतील मुलांना पूल ही वस्तू नवीन नाही. हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेस वारणा आणि दक्षिणेस पंचगंगा अशा दोन नद्या वाहतात. मधल्या मुलुखात ओढे, नाले, मोऱ्या व फरश्या पावलोपावली लागतात. गावाच्या पश्चिमेस वाठार येथे पुणे व बंगळूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, तर गावातून हातकणंगले, भादोले, लाटवडे, अंबप इत्यादी गावांकडे रस्ते फुटतात. वडगावचा जनावरांचा बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध असल्यामुळे बाजारच्या दिवशी या रस्त्यांवर बैलगाडी, मालमोटार, दुचाकी, वडाप आणि पायी चालणारा शेतकरी ही सारीच एकत्र येतात. उसाच्या हंगामात त्यांत दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची भर पडते. या रस्त्यांनीच मुले रोज शाळेत येतात.

वाहन सावकाश चालवावे, हा उपदेश मुलांनी पुष्कळदा ऐकलेला असतो. परंतु सावकाश म्हणजे किती, आणि तेवढेच का, हे त्यांना कोणी सांगत नाही. कारण न कळता पाळलेला नियम घाई होताच सुटतो. म्हणून मोजून, आकडेमोड करून व मैदानावर प्रत्यक्ष पाहून मुलांनी स्वतःच एका निष्कर्षाप्रत यावे, असा या पाठाचा हेतू आहे. तो निष्कर्ष असा : जेवढा रस्ता डोळ्यांना स्पष्ट दिसतो तेवढ्यात वाहन थांबविता आले पाहिजे, एकेरी पुलावर त्याच्या निम्म्यात थांबविता आले पाहिजे, आणि रस्ता मुळीच दिसत नसेल, तर योग्य वेग शून्य होय.

प्रस्तावना

पाठाच्या आरंभी शिक्षकांनी मुलांना त्यांच्या वाटेवरील पूल, मोऱ्या व फरश्या यांची नावे विचारावीत आणि ती फळ्यावर लिहावीत. कोणत्या पुलावर दोन गाड्या एकाच वेळी जातात, कोणत्या पुलाशी एकीला थांबावे लागते, कोणता पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, कोणत्या पुलाला कठडा नाही, असे प्रश्न विचारावेत. मुले उत्तरे भराभर देतील. त्यानंतर विचारावे, “थांबावे लागते हे गाडीवाल्याला केव्हा कळते? आणि कळल्यावर त्याची गाडी कोठे थांबते?” या दोन प्रश्नांपासून पाठाला प्रारंभ होतो.

या विषयाचे गांभीर्य मुलांच्या मनावर ठसावे म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातीलच एक घटना थोडक्यात सांगावी. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री कोल्हापूर येथे पंचगंगेवरील जुन्या शिवाजी पुलावर प्रवाशांच्या एका लहान बसवरील ताबा सुटला. बस कठडा तोडून नदीत कोसळली आणि १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. हा पूल एकोणिसाव्या शतकात बांधलेला, दगडी कमानींचा होता. बांधला गेला तेव्हा त्यावरून बैलगाड्या व घोडागाड्या जात असत. त्या घटनेनंतर जुन्या पुलाशेजारी दीर्घकाळ रखडलेल्या पर्यायी पुलाचे काम पूर्ण करण्यात आले. ही हकीकत सांगताना भीतिदायक वर्णन टाळावे. सपाट रस्त्यावर चाक बाजूला गेले तर शेतात उतरते. पुलावर मात्र बाजूला जागाच नसते, एवढी गोष्ट मुलांच्या ध्यानात आली म्हणजे पुरे.

विषय-प्रतिपादन

१. पुलाची रुंदी व उरणारी जागा

प्रथम मोजमाप घ्यावे. आपल्या देशात एकेरी वाहतुकीच्या रस्त्याची रुंदी सामान्यतः ३.७५ मीटर धरतात, मध्यम रस्त्याची ५.५ मीटर आणि दुहेरी रस्त्याची ७ मीटर. मालमोटारीची कायद्याने मान्य केलेली जास्तीत जास्त रुंदी २.६ मीटर असते. आता मुलांना हिशेब करावयास सांगावे. ५.५ मीटर रुंदीच्या पुलावर समोरासमोरून दोन मालमोटारी आल्या, तर त्यांनी मिळून ५.२ मीटर जागा व्यापली. उरले ३० सेंटिमीटर. ही जागा तीन ठिकाणी वाटली जाते : एक डाव्या कठड्याशी, एक उजव्या कठड्याशी आणि एक दोन मोटारींच्या मध्ये. म्हणजे प्रत्येक ठिकाणी केवळ १० सेंटिमीटर. मुलांनी आपल्या पट्टीवर १० सेंटिमीटर पाहावेत. बाजूला निघालेले आरसे व ट्रॉलीबाहेर आलेला ऊस तर या हिशेबात धरलेलाच नाही.

यानंतर कंपासपेटीतील कोनमापक घ्यावा. एक अंशाचा कोन वहीवर काढला, तर त्याच्या दोन्ही भुजा जवळजवळ एकच भासतात. वाहनाचे तोंड एवढ्याच, म्हणजे अवघ्या एका अंशाने, तिरके झाले असे समजावे. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सुमारे २९ सेंटिमीटर बाजूला सरकते. ताशी २० किलोमीटर वेगाचे वाहन त्याच एका सेकंदात सुमारे १० सेंटिमीटर सरकते. आपल्याजवळ जागा आहे ती १० सेंटिमीटरच. म्हणजे संथ चालकास चूक दुरुस्त करण्यासाठी एक सेकंद मिळतो, तर वेगवान चालकास एका सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो. एवढ्या अल्प काळात हात सावरणे कुशल चालकासही साधत नाही. आणि जेथे एका सेकंदावर भिस्त ठेवावी लागते, तेथे दोघांपैकी एकाने पुलाअलीकडे थांबून दुसऱ्यास वाट देणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

२. वाहन थांबते कोठे?

ताशी किलोमीटरांत दिलेल्या वेगाचे सेकंदाला मीटर असे रूपांतर करण्याची रीत मुलांना शिकवावी. ताशी वेगाला ५ ने गुणून १८ ने भागावे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, हे उदाहरण सोपे व लक्षात राहण्याजोगे आहे.

थांबण्याचे अंतर दोन भागांचे असते. पहिला भाग विचाराचा. धोका दिसला, तो धोका आहे हे कळले, पाय ब्रेकवर गेला, या सर्वांस वेळ लागतो. सावध चालकाच्या बाबतीतही तो सुमारे दीड सेकंद धरणे योग्य होय. या दीड सेकंदात वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत राहते. दुसरा भाग ब्रेकचा. चाके व रस्ता यांमधील घर्षण वाहनाला हळूहळू थोपविते. रस्ता कोरडा असेल तर घर्षण चांगले असते; ओल्या रस्त्यावर ते पुष्कळ कमी होते. येथे ओल्या रस्त्यावर ते निम्मे होते असे धरून अंतरे काढली आहेत. पुढील कोष्टक फळ्यावर लिहावे. आकडे स्थूलमानाचे आहेत. वाहन जुने, टायर झिजलेले किंवा भार अधिक असेल तर अंतर याहूनही वाढते.

ताशी २० कि. मी. : विचाराचे अंतर ८ मीटर, एकूण अंतर कोरड्या रस्त्यावर ११ मीटर, ओल्या रस्त्यावर १३ मीटर.
ताशी ४० कि. मी. : विचाराचे अंतर १७ मीटर, एकूण अंतर कोरड्या रस्त्यावर २७ मीटर, ओल्या रस्त्यावर ३७ मीटर.
ताशी ६० कि. मी. : विचाराचे अंतर २५ मीटर, एकूण अंतर कोरड्या रस्त्यावर ४८ मीटर, ओल्या रस्त्यावर ७१ मीटर.
ताशी ८० कि. मी. : विचाराचे अंतर ३३ मीटर, एकूण अंतर कोरड्या रस्त्यावर ७४ मीटर, ओल्या रस्त्यावर ११६ मीटर.

कोष्टकाचे निरीक्षण मुलांकडूनच करून घ्यावे. एकूण अंतरातून विचाराचे अंतर वजा केले म्हणजे ब्रेकचे अंतर मिळते. कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगाला ते १० मीटर येते आणि ८० च्या वेगाला ४१ मीटर. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचे अंतर दुप्पट न होता सुमारे चौपट झाले. वर्गाचा नियम मुले गणितात शिकतात. तो नियम रस्त्यावर कसा वावरतो हे त्यांना येथे दिसते. “थोडासाच वेग वाढविला” असे म्हणणाऱ्याची फसगत होते ती यामुळेच.

३. दिसेल त्याच्या निम्म्यात

आता विचारावे, “समोर ५० मीटर रस्ता दिसतो आहे. किती वेगाने जावे?” ५० मीटर अलीकडे एखादी म्हैस आडवी उभी असेल, तर कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगाचे वाहन ४८ मीटरांवर, म्हणजे तिला लागता लागता थांबेल. म्हैस उभी असते. ती वाहनाच्या दिशेने धावत येत नाही.

एकेरी पुलावर मात्र समोरचे वाहन धावत येते. त्यालाही थांबण्यास जागा हवी. म्हणून दिसणाऱ्या अंतराचे दोन समान भाग होतात : निम्मे आपले, निम्मे त्याचे. ५० मीटर दिसत असतील तर आपल्या वाट्याला २५ मीटर येतात. कोष्टकात ४० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावरही २७ मीटर लागतात. अर्थात तो वेग अधिक झाला. २० च्या वेगाने कोरड्या व ओल्या अशा दोन्ही रस्त्यांवर वाहन वेळीच थांबते. कित्येक जुने पूल मध्यभागी उंच असतात आणि कित्येकांची तोंडे वळणावर असतात. तेथे पलीकडचे वाहन दिसतच नाही. अशा पुलाअलीकडे वेग पुरता उतरवून, आवश्यक तर थांबून, हॉर्न देऊन मगच पुढे जावे. रात्री डिपर देऊन इशारा करावा.

काही जण म्हणतात की अशाने वेळ फार जातो. हाही हिशेब मुलांना करू द्यावा. ३०० मीटर लांबीचा पूल ताशी ६० किलोमीटर वेगाने १८ सेकंदांत ओलांडला जातो आणि ताशी २० किलोमीटर वेगाने ५४ सेकंदांत. फरक ३६ सेकंदांचा. शिक्षकांनी घड्याळ हाती घेऊन वर्गात ३६ सेकंद शांतता पाळावी. तो वेळ केवढा असतो हे मुलांनी अनुभवले म्हणजे घाईची किंमत त्यांना निराळी समजावून सांगावी लागत नाही.

येथे कायद्याच्या वेगमर्यादेविषयीचा एक गैरसमज दूर करावा. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने दुभाजक नसलेल्या सर्वसाधारण रस्त्यांवर मोटारीसाठी ताशी ७०, दुचाकी व मालमोटारीसाठी ६० आणि तीनचाकीसाठी ५० किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठरविली. कमाल मर्यादा म्हणजे ज्याच्या वर जाता येत नाही तो आकडा. कोरड्या, मोकळ्या, उजेडातल्या रस्त्यासाठी तो असतो. पाऊस, धुके, अंधार वा अरुंद पूल यांपैकी काहीही आडवे आले की मर्यादा आपल्या डोळ्यांनी ठरवावी लागते.

४. बिकट रस्त्याच्या चार अवस्था

पहिला पाऊस : उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, तेल व टायरांचा झिजलेला चुरा साचतो. पहिल्या पावसाच्या सरीने त्याचा चिकट राडा होतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षाही पहिल्या सरीनंतरचा रस्ता कधी कधी अधिक निसरडा असतो. पाणी साचलेल्या भागावरून वेगाने गेल्यास टायर व रस्ता यांमध्ये पाण्याचा थर शिरतो, चाक रस्त्याला टेकतच नाही आणि मग ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी होतात. टायरांवरील खाचा या पाण्याला वाट करून देण्यासाठीच असतात. गुळगुळीत झालेला टायर या कारणाने धोक्याचा होय.

उसाचा हंगाम : काळ्या रानातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर चिखल रस्त्यावर आणतात. पाचट व उसाची कांडी सांडतात. दुचाकीला हे सारे घातक असते. शिवाय भरलेली ट्रॉली मागून पाहता अंधारात एखाद्या काळ्या भिंतीसारखी असते. तिच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या लावणे हे मालकाचे काम, आणि त्या नसतील तरीही धडक बसू नये इतका वेग ठेवणे हे मागच्या चालकाचे काम.

रात्र : जवळच्या झोतात दुचाकीपुढचा रस्ता साधारणतः ४० मीटरच स्पष्ट दिसतो. कोष्टक पाहिल्यास कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगाला २७ मीटर लागतात, ६० च्या वेगाला ४८. म्हणजे या प्रकाशात ६० च्या वेगाने जाणारा चालक न दिसणाऱ्या रस्त्यावर वाहन लोटत असतो. समोरून प्रखर दिवा आला तर काही क्षण तेवढेही दिसत नाही. अशा वेळी वेग आणखी उतरवावा.

धुके व कामे : हिवाळ्यात पहाटे नदीकाठी धुके दाटते आणि ते नेमके पुलाच्या परिसरात अधिक असते. त्यातच महामार्गाच्या सहापदरीकरणासारखे मोठे काम निघाले की वळणमार्ग, खडी व मातीचे ढीग यांची भर पडते. कालचा ओळखीचा रस्ता आज तसाच असेल, हा भरवसा अशा ठिकाणी धरता येत नाही.

५. पुलावर पाणी : योग्य वेग शून्य

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे या जिल्ह्याचे भूषण होय. पावसाळा संपल्यावर बरगे घालून पाणी अडवावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदीला वाट मोकळी करावयाची, अशी त्यांची सोपी रचना. बंधाऱ्याच्या माथ्यावरून लोक ये-जा करू लागले आणि बंधारा हाच दोन गावांचा पूल झाला. तो मुख्यतः पाणी अडविण्यासाठी बांधलेला असल्याने माथा अरुंद व नदीच्या पात्रालगत असतो. पावसाळ्यात तो सर्वांत आधी बुडतो. पंचगंगेवरील राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी मुलांनी ऐकलेली असते. त्याच ठिकाणी नदीची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी होय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावरही पाणी आले आणि तो बंद ठेवावा लागला.

“पाणी थोडेच आहे, गाडी निघेल” असे म्हणून कोणी पुढे जातो. त्याचे उत्तर मुलांनी विज्ञानाने द्यावे. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी तिला वर उचलते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलोग्रॅम. लहान मोटारीचा तळ ४ मीटर लांब व १.५ मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटर धरावा. पाणी तळाच्या वर १७ सेंटिमीटर चढले की सुमारे एक घनमीटर पाणी सारले जाते आणि १००० किलोग्रॅम वजनाची मोटार तरंगू लागते. मोटारीचा तळ जमिनीपासून तेवढाच, सुमारे १७ सेंटिमीटर, उंच असतो. म्हणजे रस्त्यावर साधारण एक फूट पाणी असले की मोटारीची चाके रस्ता सोडू लागतात. पाणी वाहते असेल तर ते मोटारीला बाजूला लोटते, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. पायी चालणाऱ्या मनुष्यास तर वेगवान प्रवाहात अर्धा फूट पाणीही पाडू शकते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे कोणालाच दिसत नाही.

दिसत नाही ते आहे असे मानू नये, याचे दुःखद उदाहरण रायगड जिल्ह्यात घडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला जुना पूल पुरात कोसळला. मुंबई–गोवा महामार्गावरील राज्य परिवहनच्या दोन बसगाड्या व आणखी वाहने काळोखात पुरात गेली. रस्ता नेहमीचा होता आणि पूल तेथे असणारच, हे चालकांनी गृहीत धरले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. पुढे पूल नाही हे ध्यानात येताच जवळच काम करणाऱ्या एका कामगाराने येणारी वाहने थांबविली, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. पुढील वर्षी तेथे नवा पूल खुला झाला. या घटनेपासून घ्यावयाचा बोध असा की, महापुराच्या रात्री पूल डोळ्यांनी दिसेपर्यंत तो नाही असेच समजून चालावे, आणि धोका ज्यास प्रथम कळतो त्याने मागच्यांना सावध करावे.

६. मुलांनी स्वतः काय करावे?

बहुतेक मुले पायी किंवा सायकलने जातात. त्यांच्यासाठी पुढील गोष्टी स्पष्ट कराव्यात.

(अ) पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. पुलावर एकामागे एक अशी रांग धरावी.
(आ) अरुंद पुलावर मोठे वाहन येताना दिसले तर पुलाअलीकडे थांबावे. ते गेल्यावर पूल ओलांडावा. सायकलवर डबलसीट बसून पूल ओलांडू नये.
(इ) कठड्यावर बसू नये, त्यावरून पाणी पाहू नये.
(ई) पुलावर वा फरशीवर पाणी असेल तर घरी परतावे. त्या दिवशी शाळेत हजर राहण्याचा आग्रह शाळेनेही धरू नये. पालकसभेत हे आधीच ठरवून ठेवावे.
(उ) अपघात दिसल्यास रस्त्यावर न धावता मोठ्या माणसास सांगावे आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट पालकांच्या कानी घालावी. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या अशा अपराधाबद्दल पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. उसाच्या शेतावर डबा पोहोचविण्यासाठी सातवीतला मुलगा दुचाकी घेऊन बंधाऱ्यावरून जातो, हे दृश्य कौतुकाचे नाही.

दृढीकरणासाठी कृती

कृती १ : एका मुलाने पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने बोटे पट्टीच्या शून्याशी उघडी ठेवावीत. न सांगता पट्टी सोडावी व दुसऱ्याने पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे एक पंचमांश सेकंद लागला. लक्ष पूर्ण असताना नुसते बोट मिटण्यास इतका वेळ लागतो. मग धोका ओळखून पाय ब्रेकवर नेण्यास दीड सेकंद का लागतो, याची चर्चा करावी.

कृती २ : मैदानावर फक्कीने एक रेघ मारावी. तीपासून ११, २७ व ४८ मीटरांवर तीन रेघा आखाव्यात व त्यांवर २०, ४० व ६० असे आकडे लिहावेत. मुलांनी ते अंतर पावलांनी मोजावे. ओल्या रस्त्याच्या रेघा निराळ्या रंगाने आखाव्यात.

कृती ३ : वर्गाच्या फरशीवर ५.५ मीटर रुंदीचा पूल आखावा. जुन्या दोरीने २.६ मीटर रुंदीच्या दोन मालमोटारी मांडाव्यात आणि उरलेली जागा मुलांना हातांनी मोजू द्यावी.

कृती ४ : वाहतूक चिन्हांची चित्रे काढून घ्यावीत. लाल कडेचा त्रिकोण सावधगिरीचा इशारा देतो. ‘अरुंद पूल’ व ‘निसरडा रस्ता’ ही चिन्हे त्यात येतात. लाल कडेच्या वर्तुळातील आकडा वेगमर्यादा सांगतो. गावच्या वाटेवर कोणते चिन्ह आहे, कोणते हवे होते पण नाही, याची यादी करून मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीस अथवा बांधकाम विभागास पाठवावी.

सर्व कृती शाळेच्या आवारातच कराव्यात. रस्त्यावर किंवा प्रत्यक्ष पुलावर मुलांना मोजमापासाठी नेऊ नये.

उजळणीचे प्रश्न

१. ताशी ५४ किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात किती मीटर जाते? (१५ मीटर)
२. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाने ३ सेकंद मोबाइलकडे पाहिले. तेवढ्यात वाहन न पाहता किती अंतर गेले? (६० मीटर)
३. प्रत्येकी २.५ मीटर रुंदीच्या दोन बसगाड्या ५.५ मीटर रुंदीच्या पुलावर समोरासमोर आल्या. एकूण किती जागा उरली? (५० सेंटिमीटर)
४. धुक्यात ३० मीटर दिसते. एकेरी पुलावर कोष्टकातील कोणता वेग योग्य? कारण सांगा. (ताशी २० किलोमीटर, निम्मे अंतर १५ मीटर)
५. फरशीवर गुडघाभर वाहते पाणी आहे आणि पलीकडे शाळा दिसते. काय कराल?

शिक्षकांना सूचना

हा पाठ तीन तासिकांत विभागावा. पहिल्या तासिकेत रुंदी व थांबण्याचे अंतर, दुसरीत बिकट अवस्था व पाणी, तिसरीत कृती व प्रश्न घ्यावेत. शाळा उघडल्यानंतरचा पहिला पंधरवडा आणि ऊसतोडीच्या हंगामाचा आरंभ हे दोन काळ या पाठास अनुकूल आहेत. स्वाध्याय म्हणून मुलांनी घरातील वाहन चालविणाऱ्या व्यक्तीस कोष्टक वाचून दाखवावे व तिची सही घेऊन यावे. या निमित्ताने हा पाठ घरोघरी पोहोचेल.

पुष्कळसे शिक्षक दुचाकीने शाळेत येतात. मुले फाटकाशी उभी राहून त्यांचे येणे रोज पाहत असतात. शिरस्त्राण घातलेला, मोरीजवळ वेग उतरविणारा आणि समोरच्या बैलगाडीला आधी वाट देणारा शिक्षक मुलांना दिसला, तर फळ्यावरचा हिशेब त्यांना खरा वाटेल.